विश्लेषण : अभिप्रायाचे अर्ज भरूनही भाषेचा तास का बदलत नाही?

सत्र संपत आले की वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुगल फॉर्मची लिंक येते. विद्यार्थी सगळीकडे ‘उत्तम’वर टिचकी मारून मोकळे होतात. पुढच्या वर्षी मराठी, इंग्रजी किंवा जर्मनचा तास मात्र होता तसाच! मग या अभिप्रायाचे होते काय?

अभिप्राय घेतला का जातो?

‘नॅक’ने २०१७ मध्ये आणलेल्या मूल्यांकन पद्धतीत अभ्यासक्रमाविषयी विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी आणि नोकरी देणाऱ्या संस्था यांची मते घेऊन त्यावर काय कृती केली, हे दाखवावे लागते. शिवाय ‘नॅक’चे विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असते. त्यातील २१ प्रश्न सर्व विषयांसाठी सारखेच असतात. त्यामुळे महाविद्यालयाबद्दल अंदाज येतो. पण भाषेच्या तासाला नेमके काय अडते, हे कळत नाही.

भाषेचा वर्ग वेगळा कसा?

एकाच बाकावर मराठी माध्यमातून आलेली मुलगी आणि इंग्रजी माध्यमातला मुलगा बसतो. इंग्रजीच्या तासाला तिला वेग झेपत नाही, त्याला कंटाळा येतो. दोघांच्या गुणांची सरासरी मात्र ‘चांगला’ अशी येते आणि अडचण झाकली जाते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार ‘यूजीसी’ने आखलेल्या पदवी आराखड्यात क्षमतावृद्धी अभ्यासक्रमांना किमान ८ श्रेयांक आहेत आणि त्यांत भर भाषेवर आहे. म्हणजे हा प्रश्न केवळ भाषेच्या विद्यार्थ्यांचा उरलेला नाही.

विद्यार्थ्यांचे मत कितपत भरवशाचे?

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांत झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः गट करून प्रश्न सोडवणारे विद्यार्थी जास्त शिकले. पण ‘आपण कमी शिकलो’ असे त्यांना वाटले. भाषेतही असे होऊ शकते. चुकत-माकत बोलायला लावणारा तास अवघड वाटतो, तयार नोट्स देणारा आवडतो. २०१५ मधील एका छोट्या अमेरिकी प्रयोगात ऑनलाइन शिक्षकांची नावे अदलाबदल केली, तेव्हा पुरुषाच्या नावाला जास्त गुण मिळाले. कॅनडातील रायरसन विद्यापीठाच्या वादात २०१८ मध्ये लवादाने अशा गुणांवरून बढतीसाठी अध्यापनाचा दर्जा ठरवू नये, असा निर्णय दिला. थोडक्यात, अभिप्राय शिक्षकाला गुण देण्यापेक्षा तास सुधारण्यासाठी वापरणे श्रेयस्कर.

विचारायचे काय आणि कधी?

‘शिक्षक कसे आहेत?’ यापेक्षा ‘बँकेला चार ओळींचा अर्ज स्वतः लिहिता येतो का?’, ‘गेल्या आठवड्यात तासाला किती वेळा बोललात?’ असे प्रश्न उपयोगी. युरोपीय परिषदेच्या ए१ ते सी२ या भाषा-पातळ्याही ‘काय करता येते’ यावरच बेतलेल्या आहेत. वेळही महत्त्वाची. सत्राअखेरीस दिलेल्या मताचा फायदा देणाऱ्याला होत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात विकसित झालेल्या पद्धतीत सत्राच्या मध्यावर दुसरीच व्यक्ती वर्गात येते, शिक्षक बाहेर थांबतात आणि विद्यार्थी गटांत चर्चा करून काय उपयोगी पडते, काय बदलावे, हे सांगतात.

अडते कुठे?

अभ्यासक्रम अभ्यास मंडळ ठरवते, त्यामुळे पुस्तक बदलणे शिक्षकाच्या हाती नसते. पण तासाचा किती वेळ बोलण्याला द्यायचा, वही कशी तपासायची, हे त्याच्या हाती असते. दुसरी अडचण भीतीची. वर्ग लहान असेल तर अक्षरावरून नाव कळते आणि अंतर्गत गुण त्याच शिक्षकाकडे असतात. तिसरी, तासिका तत्त्वावरील शिक्षकांची. यंदाच्या सूचना वाचणारा शिक्षक पुढच्या वर्षी असेलच असे नाही.

म्हणूनच फॉर्म भरून घेण्याइतकेच पुढचे पाऊल महत्त्वाचे. पुढच्याच तासाला शिक्षकाने ‘तुम्ही हे सांगितले, यातले हे बदलतो, हे बदलता येणार नाही आणि त्याचे कारण हे’ असे सांगितले, तर पुढच्या वेळी विद्यार्थी ‘उत्तम’वर टिचकी मारण्याआधी क्षणभर तरी विचार करतील.