नासर्डी नाला नाही : तीन गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : उन्हाळ्यातही पाणी वाहते, म्हणजे नदी जिवंत आहे.
वस्तुस्थिती : नाशिकच्या पश्चिमेकडील डोंगरांतून निघून, सातपूर-अंबडच्या औद्योगिक परिसराजवळून वाहत टाकळीला गोदावरीस मिळणारी नासर्डी, म्हणजेच नंदिनी, ही पावसावरची नदी. अशी नदी उन्हाळ्यात डोहांपुरती उरणे स्वाभाविक आहे. मासे आणि बेडूक त्याच डोहांत तग धरतात. शहरात मे महिन्यात दिसणारी धार मुख्यतः सांडपाण्याची असते. स्नानयोग्य पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन हवा, असा सरकारी निकष आहे. मैला कुजवणारे जिवाणू हाच ऑक्सिजन संपवतात. दोष फक्त कारखान्यांचा, असे अनेकांना वाटते. रसायने घातक आहेतच. पण उद्या सारे कारखाने सुधारले तरी घराघरांतले मैलापाणी नदीचा श्वास कोंडतच राहील.

गैरसमज : पुरात नदी धुऊन निघते.
वस्तुस्थिती : पूर घाण नष्ट करत नाही, पुढे ढकलतो. नासर्डीचा गाळ गोदावरीत जातो आणि तिथून नांदूरमध्यमेश्वरच्या दिशेने. राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून मान्यता मिळालेल्या या जागी पाणी संथ होते आणि गाळ बसतो. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पाणवेली पोसतात. त्या काढायलाच हव्यात, कारण त्या पाण्यातला उजेड अडवतात. पण खत येतच राहिले तर त्या पुन्हा फोफावणारच.

गैरसमज : काठ बांधून काढले की नदी सुधारते.
वस्तुस्थिती : भिंत नसेल तर वस्त्या बुडतील, हा आक्षेप रास्त आहे. २००८ आणि २०१९ चे पूर नाशिककर विसरलेले नाहीत. जिथे घरे धोक्यात आहेत तिथे संरक्षण हवेच. मात्र सरसकट आवळलेल्या पात्रात पाण्याची पातळी आणि वेग वाढतो, आणि संकट खालच्या वस्तीवर जाते. शिवाय दगडगोटे, वाळू आणि काठच्या झाडांची मुळे यांवर राहणारे सूक्ष्मजीव पाणी शुद्ध करतात. काँक्रीट त्यांची जागाच काढून घेते. ही शुद्धीकरणाची ताकदही मर्यादित असते. म्हणून आधी मैलापाणी अडवून प्रक्रिया, मग पूररेषेत नवे बांधकाम नाही आणि काठ शक्य तितका मोकळा, हाच क्रम योग्य.

टाकळीचा संगम गोदावरीवरच्या रामकुंडाच्या, म्हणजे कुंभस्नानाच्या जागेच्या, खालच्या अंगाला आहे. त्यामुळे २०२७ च्या कुंभमेळ्यात रामकुंड निर्मळ दिसले, तरी नासर्डीचे काम झाले असे ठरत नाही. गोदावरीच्या स्वच्छतेचा हिशेब तिच्या उपनद्यांच्या मुखाशी मांडला पाहिजे.