शर्यतीची गाडी घडताना – भाग ६ : शेवटच्या फेरीचे गणित

एंड्युरन्स शर्यतीत वेगाइतकाच गाडीच्या तग धरण्याचा कस लागतो. फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत १९२३ पासून हीच परीक्षा घेते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत एंड्युरन्स शर्यत सुमारे २२ किलोमीटरांची असते. निम्म्यावर चालक बदलतो आणि सर्वाधिक गुणही याच प्रकाराला असतात. आयआयटी मुंबईचा रेसिंग संघ आणि विद्याविहारच्या सोमय्या महाविद्यालयाचा ओरायन रेसिंग या स्पर्धांसाठी युरोपात उतरले आहेत.

विजेच्या गाडीचा आराखडा बॅटरीपासून सुरू होतो. नियमांनुसार बॅटरीतून जास्तीत जास्त ८० किलोवॅट शक्ती घेता येते. ७ किलोवॅट-तासांची बॅटरी सतत एवढी शक्ती देत राहिली, तर सव्वापाच मिनिटांत रिकामी होईल. ताशी ५० किलोमीटरच्या सरासरीने २२ किलोमीटरांना मात्र सव्वीस मिनिटे लागतात. म्हणजे सरासरी वापर १६ किलोवॅटच्या आसपास ठेवावा लागतो. मोठी बॅटरी घेतली तर वजन वाढते आणि वळणावर वेळ जातो. म्हणून आधी शेवटच्या फेरीपर्यंतची ऊर्जा ठरवायची आणि मग तिच्याभोवती गाडी बांधायची, हाच शहाणपणाचा क्रम.

ऊर्जेच्या मर्यादेनंतरचा दुसरा शत्रू उष्णता. प्रवाह दुप्पट झाला की तारांत आणि सेलमध्ये निर्माण होणारी उष्णता चौपट होते. सेलचे तापमान ६० अंशांवर गेले की सुरक्षायंत्रणा वीज तोडते आणि शर्यत तिथेच संपते. चालक बदलताना गाडी उभी असते, वारा लागत नाही आणि आत साठलेली उष्णता सेलपर्यंत पोहोचत राहते. त्यामुळे चाचणीत नुसते धावणे पुरत नाही. थांबून, तापलेल्या अवस्थेत पुन्हा निघण्याचाही सराव हवा. चाचणीत नटांवरही लक्ष ठेवावे लागते. प्रत्येक नट आवळल्यावर त्यावर आणि शेजारच्या भागावर रंगाची एक सलग रेघ ओढतात. धावून आल्यावर रेघ तुटलेली दिसली, की नट सैल झाल्याचे लगेच कळते.

युरोपला समुद्रमार्गे जाणाऱ्या मुंबई-पुण्याच्या गाडीसाठी जवळचे मोठे बंदर म्हणजे उरण तालुक्यातील न्हावा शेवा. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदरातील जहाजाची तारीख चाचणीचे वेळापत्रक ठरवते. गाडी परत येणार असल्याने फिक्की या उद्योगसंघटनेकडून एटीए कार्नेट हा सीमाशुल्काचा दस्तऐवज घेतात, म्हणजे परदेशात सीमाशुल्क भरावे लागत नाही. लिथियम बॅटरी धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात मोडते. तिची कागदपत्रे आणि बांधणी वेगळी. गाडी ज्या पेटीतून जाते तिचे लाकूड कीड मारण्यासाठी प्रक्रिया केलेले आणि तसा शिक्का असलेले लागते. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास साधारण दहा ते चौदा दिवसांनी लांबला. तेवढे दिवस चाचणीतून वजा होतात.

म्हणूनच आराखडा लवकर गोठवणे ही या कामातली सर्वांत मोठी शिस्त आहे. पेटी बंद होण्याआधी पूर्ण २२ किलोमीटरांची चाचणी, मधल्या थांब्यासह, पुन्हापुन्हा पार केलेली गाडीच शर्यतीत शेवटच्या फेरीची खात्री देऊ शकते.