टायर-चाकाचे संरक्षण : घ्यावे की न घ्यावे?

आपल्या समाजात दारापुढे स्वतःची मोटार उभी राहणे ही गोष्ट आता पूर्वीइतकी नवलाची राहिलेली नाही. शिक्षक, तलाठी, परिचारिका, बँकेतील कर्मचारी अशा अनेक बंधू-भगिनींनी कर्ज काढून गाडी घेतली आहे. कोणी तरुण मुले पिकअप किंवा जीप घेऊन त्यावर पोट भरत आहेत. ही आनंदाचीच बाब होय. तथापि गाडी घेताना शोरूममध्ये ज्या कागदांवर सह्या होतात, त्यांत नेमके काय लिहिले आहे हे घरातील शिकलेली माणसेसुद्धा वाचत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. त्यातीलच एका कागदाविषयी येथे लिहीत आहोत.

आमच्या परिचयाचे एक शिक्षक धडगाव तालुक्यात नोकरीस आहेत. त्यांनी नवी मोटार घेतली तेव्हा कोटेशनमध्ये 'टायर व व्हील प्रोटेक्शन, तीन वर्षे, ९,००० रुपये' अशी एक ओळ होती. "सर, तुमचा रोजचा घाट. हे घेतले की टायरची काळजीच नाही," असे विक्रेत्याने सांगितले आणि ती रक्कम कर्जातच बसवून दिली. पुढे पावसाळ्यात चांदसैली घाटात एका खड्ड्यात पुढचा टायर फुटला. दरड कोसळण्याची ती जागा, अंधार पडलेला, सोबत लहान मुले. अशा ठिकाणी चाक बदलत कोण बसेल? त्यांनी गाडी तशीच हळूहळू अर्धा किलोमीटर पुढे नेली. दुसऱ्या आठवड्यात दावा नामंजूर झाला. कारण असे की, हवा गेल्यावर गाडी चालविल्यामुळे टायर निकामी झाला. ही अट कागदावर सुरुवातीपासून होती. गुरुजींनी ती वाचली नव्हती आणि विक्रेत्याने सांगितली नव्हती.

मुळात असे संरक्षण का विकले जाते, हे आधी समजून घेतले पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा प्रत्येकास सक्तीचा आहे. त्यात आपल्या गाडीच्या टायरचा काही संबंध नाही. आपल्या गाडीच्या नुकसानीचा जो विमा आपण वेगळा घेतो, त्याच्या नेहमीच्या शर्तींत असे असते की, नुसताच टायर वा ट्यूब खराब झाली तर काही मिळणार नाही. त्याच वेळी गाडीलाही मार बसला असेल तर टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत मिळेल. शिवाय लहान मोटारीत (१५०० सी.सी. पर्यंत) पहिले हजार रुपये आपल्या पदरचे जातात, आणि दावा केला म्हणजे नूतनीकरणाच्या वेळची 'नो क्लेम बोनस'ची सूटही जाते. पाच वर्षे दावा न केलेल्यास ही सूट ५० टक्क्यांपर्यंत असते. एका टायरसाठी ती गमावणे परवडत नाही. 'झिरो डेप' घेतले म्हणजे टायर आलेच, असेही समजू नये. अनेक विम्यांत टायर त्यातून वगळलेले असतात. अशी ही फट आहे, आणि ती बुजविण्यासाठी टायरचे जादा संरक्षण निघाले. म्हणजे वस्तू खोटी नाही. प्रश्न एवढाच की, ती कोणी, कोणत्या भावाने घ्यावी.

या संरक्षणात सामान्यतः काय येते? टायर फुटणे, बाजूने फुगा येणे, कापला जाणे. काय येत नाही? साधे पंक्चर, झीज, चोरी, कंपनीच्या बनावटीतील दोष, कमी हवेवर चालविल्याने झालेली खराबी. आता आपल्या जिल्ह्यात टायरचा मुख्य शत्रू कोण, ते पाहा. बाभळीचा काटा आणि रस्त्यावर पडलेला खिळा! यांपासून होते ते पंक्चर, आणि तेच संरक्षणाबाहेर. बनावटीतील दोषाची हमी तर टायर बनविणारी कंपनी स्वतंत्रपणे देतेच. त्यासाठी दुसऱ्यांदा पैसे मोजण्याचे कारण नाही. आणखी एक मेख अशी की, टायर जितका झिजला असेल तितकी भरपाई बहुधा कमी होते. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत खाली आली, म्हणजे टायर गोटा झाला, की काहीच नाही. रिमचेही तसेच. अनेक योजनांत फक्त टायर-ट्यूब असते. 'व्हील' हा शब्द नावात आहे म्हणून रिम आली असे होत नाही. ते अटींच्या पानावर पाहावे.

आता हिशेब करू. समजा एका टायरची किंमत ५,००० रुपये आहे. ९,००० रुपयांचे संरक्षण १० टक्के व्याजाच्या, पाच वर्षांच्या कर्जात घातले तर महिन्याला सुमारे १९१ रुपये जातात आणि अखेरीस साडेअकरा हजारांच्या आसपास रक्कम भरली जाते. (संरक्षण तीन वर्षांत संपते, हप्ता मात्र पुढे दोन वर्षे चालूच राहतो!) समजा पहिल्या वर्षी पूर्ण, दुसऱ्या वर्षी ७५ टक्के आणि तिसऱ्या वर्षी ५० टक्के भरपाई मिळते. दर वर्षी एक टायर फुटला आणि तिन्ही दावे मंजूर झाले, तरी हाती येतात ११,२५०. म्हणजे तीन टायर फुटूनही गाडीमालक शे-दोनशेने तोट्यातच. त्यात सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. फुटलेला टायर स्वतः बदलणे तेवढे हलके झाले आहे.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे : एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या वेळेसाठी राखून. सुत्तात टायर नाही हे खरे, पण लोखंडी रिमची साधी गाडी असलेल्याचे टायर या चौथ्या भागातच बसतात. तेच १९१ रुपये दरमहा पोस्टात वेगळे टाकले तर तीन वर्षांत ६,८७६ रुपये जमतात. टायर फुटला नाही तर ते आपलेच, आणि पंक्चरलाही चालतात. लोखंडी रिम वाकली तरी बहुधा ठोकून सरळ होते.

मात्र सर्वांना एकच माप लावणे बरोबर नाही. ज्यांच्या गाडीला मोठ्या अलॉय रिम व पातळ कडेचे टायर आहेत आणि ज्यांना तोरणमाळ किंवा चांदसैलीच्या वाटेने नेहमी जावे लागते, त्यांचा हिशेब निराळा निघेल. एका चाकाचा रिमसह खर्च २०,००० असेल, वर्षाचा जादा हप्ता २,००० असेल आणि रिमही त्यात असेल, तर दहा वर्षांत एकदा पूर्ण भरपाई झाली तरी बरोबरी होते. अशांनी ते जरूर घ्यावे. पण एकेका वर्षाचे, विमा कंपनीच्या पॉलिसीतच जोडलेले, आणि रोखीने. कर्जात घालून नव्हे.

पिकअप-जीपवाल्या तरुणांस वेगळे सांगणे आहे. अशी योजना बहुधा खासगी मोटारीसाठी असते; पिवळ्या पाटीच्या गाडीस ती लागू आहे काय, हे लेखी विचारावे. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाड्याने प्रवासी नेत असाल तर टायरच काय, गाडीच्या नुकसानीचा दावाही अडचणीत येतो, कारण खासगी विम्यात भाड्याचा वापर बसत नाही.

सही करण्यापूर्वी कागद कोणाच्या नावाचा आहे ते पाहावे. विमा कंपनीचा असेल तर तक्रार प्रथम कंपनीकडे आणि तेथे न्याय न मिळाल्यास पुण्याच्या विमा लोकपालाकडे करता येते. केवळ डीलरचे कूपन असेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल होते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणास शुल्क नाही. "हे घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही," असे कोणी म्हटले तर ती याच कायद्याने निषिद्ध ठरविलेली प्रतिबंधक व्यापार प्रथा आहे. तसे लिहून मागावे. बहुधा कोणी लिहून देत नाही आणि ती ओळ कोटेशनमधून निघून जाते.

ज्यांनी हे संरक्षण आधीच घेतले आहे त्यांनी अटींचा कागद गाडीतच ठेवावा. टायर फुटल्यास शक्य तेथे लगेच थांबावे, जागेवरच फोटो काढावेत, जुना टायर पंक्चरवाल्याकडे टाकून येऊ नये आणि कंपनीस कळविल्याशिवाय नवा बसवू नये. आमच्या गुरुजींनी आता स्टेपनीची हवा दर महिन्यास पाहण्याचे सुरू केले आहे, आणि घाट चढण्यापूर्वी कोठारला थांबून चारही चाकांची.