प्रतिपूर्ती : अर्थ आणि वापर

सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूर परिसरातील अनेक कुटुंबे गलाईच्या, म्हणजेच सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या व्यवसायानिमित्त देशभर पसरली आहेत. समजा, अशाच एका कारागिराला चेन्नईतील दुकानमालकाने कामासाठी मदुराईस पाठविले. मदुराईकडे जाणाऱ्या अनेक गाड्या एग्मोर स्थानकातून सुटतात. १९०८ साली सुरू झालेले हे स्थानक ज्या भागात आहे, त्याला तमिळ भाषेत एळुंबूर म्हणतात. कारागिराने तेथे स्वतःच्या पैशांतून ६०० रुपयांची तिकिटे काढली. परत आल्यावर त्याने ती दाखविली आणि मालकाने त्याला ६०० रुपये दिले. या देण्याला ‘प्रतिपूर्ती’ म्हणतात.

‘पूर्ती’ म्हणजे भरून काढणे. ‘प्रति’ या उपसर्गाचा येथील अर्थ ‘बदल्यात’ असा आहे. दुसऱ्याच्या कामासाठी किंवा नियमानुसार दुसऱ्याने सोसावयाचा खर्च आपण आधी केला आणि तो नंतर आपल्याला भरून मिळाला, तर ती प्रतिपूर्ती होय. हा शब्द स्त्रीलिंगी आहे. खर्चाची प्रतिपूर्ती करतात, होते किंवा मिळते.

आता जवळचे शब्द पाहू. मालकाने निघण्यापूर्वीच पैसे दिले असते, तर ती ‘उचल’ किंवा कार्यालयीन भाषेत ‘अग्रिम’ ठरली असती. कारागिराने तिकीट रद्द केल्यावर रेल्वेने दिलेली रक्कम म्हणजे ‘परतावा’. मित्राकडून उसने घेतलेले पैसे परत देणे म्हणजे ‘परतफेड’. अपघातात झालेल्या हानीबद्दल मिळते ती ‘नुकसानभरपाई’. प्रवासासाठी ठरावीक दराने मिळणारी रक्कम म्हणजे ‘भत्ता’. प्रतिपूर्ती मात्र सामान्यतः प्रत्यक्ष खर्चापेक्षा अधिक नसते.

शासकीय व्यवहारात हा शब्द वारंवार आढळतो. शासकीय कर्मचारी नियमांनुसार वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीसाठी अर्ज करतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या वर्गातील किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील बालकांसाठी ठेवाव्या लागतात. त्या बालकांच्या शुल्काची प्रतिपूर्ती शासन शाळेला करते. ती रक्कम पालकांना मिळत नाही. मात्र पालकांनी शुल्कही भरावयाचे नसते.

आरोग्य विम्यातही हा भेद महत्त्वाचा आहे. ‘रोकडविरहित’ सोयीत विमा कंपनी मान्य खर्च थेट रुग्णालयाला देते. ‘प्रतिपूर्ती’ असेल, तर रुग्णालयाचे पैसे आधी आपल्याला भरावे लागतात. हाताशी रक्कम नसलेल्या कुटुंबाने हा शब्द वाचताच सावध व्हावे आणि उपचारापूर्वीच चौकशी करावी.

लक्षात ठेवा : प्रतिपूर्ती पुराव्यावर मिळते. तिकीट, देयक, पावती आणि औषधाची चिठ्ठी जपून ठेवा. अर्जासोबत मूळ कागद द्यावयाचे असल्यास त्यांच्या छायाप्रती स्वतःजवळ ठेवा. अर्जाची मुदत आधीच विचारून घ्या. अर्जात असे लिहा : ‘मी केलेल्या खर्चाची प्रतिपूर्ती व्हावी, ही विनंती. मूळ पावत्या सोबत जोडल्या आहेत.’