७२ गावांचा मंत्री, जगाचा राजदूत

करिअर बदलायचं म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. औंधच्या अप्पासाहेब पंतांचं तर अख्खं राज्यच विलीन झालं. मग त्यांनी काय केलं?

शुक्रवारी रात्री पुण्याहून निघालेली ट्रॅव्हल्स पहाटे केजला सोडते. स्टँडसमोर चहा घेता घेता कुणीतरी ओळखीचं भेटतंच आणि ठरलेला प्रश्न येतो, ‘काय रे, पगार किती हाय आता?’ सोमवारी पुण्याच्या ऑफिसात प्रश्न वेगळा. ‘केज? ते कुठं आलं?’ बीड आणि अंबाजोगाईच्या मधे, असं सांगून आपण पटकन विषय बदलतो. सीव्हीवर छोट्या गावाचं नाव उगीचच अवघडल्यासारखं वाटतं ना? मग ही गोष्ट तुमच्यासाठी आहे.

राज्य देऊन टाकणारा राजपुत्र

सातारा, सांगली आणि विजापूरकडे विखुरलेल्या ७२ गावांचं संस्थान म्हणजे औंध. राजे भवानराव पंतप्रतिनिधी चित्रकार होते आणि सूर्यनमस्कारांचे कट्टर प्रचारक. त्यांचा मुलगा अप्पा, जन्म १९१२चा. ऑक्सफर्डला शिकला, बॅरिस्टर झाला. आता ऐटीत राज्य करायचं, असंच कुणालाही वाटेल. पण या बापलेकांनी उलटंच केलं. मॉरिस फ्रीडमन हा पोलिश इंजिनिअर मदतीला आला, गांधीजींचा सल्ला घेतला गेला आणि १९३९ मध्ये औंधात नवी राज्यघटना लागू झाली. राजानं आपली सत्ता गावपंचायतींच्या हाती दिली!

तेव्हा आपलं केज निजामाच्या राज्यात होतं. तिथल्या शेतकऱ्याला राज्यकारभारात कोण विचारत होतं? आणि औंधातला शेतकरी मात्र पंच निवडून देत होता.

अप्पा या सरकारात मंत्री होते, पुढे पंतप्रधानही झाले. पद मोठं, पण काम गावातलं. तंटे, शाळा, पाणी. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांना भिंतीशिवाय ठेवण्याचा प्रयोगही याच संस्थानातला. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा सिनेमा त्याच्यावरूनच सुचला.

पण ८ मार्च १९४८ ला औंध मुंबई प्रांतात विलीन झालं. म्हणजे वयाच्या पस्तिशीत मंत्रिपद गेलं, राज्यही गेलं.

नैरोबीतला ‘नको असलेला’ माणूस

त्याच वर्षी नेहरूंनी अप्पांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे पहिले कमिशनर म्हणून पाठवलं. मुक्काम नैरोबी. तिथं गोरे राज्य करत होते, भारतीय दुकानं चालवत होते आणि आफ्रिकन माणूस स्वतःच्याच देशात सर्वांत खाली होता. सोपा मार्ग होता, गव्हर्नरच्या पार्ट्यांना जा आणि गप्प बसा. अप्पांनी जोमो केन्याटांशी मैत्री केली, आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. आफ्रिकनांसोबत उभे राहा, असं तिथल्या भारतीयांनाही सांगितलं.

याची किंमत मोजावी लागलीच. ऑक्टोबर १९५२ मध्ये आणीबाणी पुकारली गेली, केन्याटांना अटक झाली. या माणसाला इथून हलवा, असा ब्रिटिशांचा धोशा दिल्लीकडे सुरू झाला. १९५४ मध्ये अप्पांनी नैरोबी सोडली. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली, हा भाग वेगळा. केनिया स्वतंत्र झाला तो १९६३ मध्ये, आणि सत्ता केन्याटांच्याच हाती आली.

बेटांच्या देशात

मग गंगटोक, सिक्कीम-भूतान-तिबेटचा नाजूक कारभार. आणि १९६१ मध्ये इंडोनेशिया, हजारो बेटांचा देश. नेहरू-सुकार्नो दोस्ती जगजाहीर होती, त्यामुळे पोस्टिंग सुखाचं वाटावं. पण १९६२ च्या जकार्ता एशियाडला इस्रायल आणि तैवानला प्रवेश नाकारला गेला. भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला आणि वातावरण पेटलं. जमाव थेट भारतीय वकिलातीवर चालून आला. ४ सप्टेंबरला फुटबॉलची फायनल झाली ती अशा वातावरणात. स्टेडियम भरलेलं आणि सगळं आपल्या विरोधात. तरी भारतानं दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्ण जिंकलं!

पुढे नॉर्वे, मग इजिप्त. तिथं १९६७ चं युद्ध त्यांच्याच कारकिर्दीत झालं. १९६९ ते १९७२ लंडनला हायकमिशनर. शेवटचं मोठं पोस्टिंग इटली. १९९२ मध्ये त्यांचं निधन झालं.

मग यात आपल्यासाठी काय?

हिशोब मांडला तर औंधचा प्रयोग नऊ वर्षांत संपला, नैरोबीतून निघावं लागलं, जकार्तात वकिलातीवर जमाव आला. ‘सक्सेस स्टोरी’ म्हणून छापायला हे जरा अवघडच. पण एक गोष्ट सगळीकडे तीच दिसते. मोठ्या साहेबाशी नव्हे, आधी तिथल्या साध्या माणसाशी बोलायचं. ही सवय ऑक्सफर्डनं लावली असेल असं मला वाटत नाही. ती ७२ गावांच्या पारावर लागली.

पुढच्या सोमवारी कुणी विचारलंच, ‘केज कुठं आलं?’ तर विषय बदलू नका. बस म्हणा, चहा घे, सांगतो.