पत्नीच्या नावावर घेतलेले यंत्र

आमच्या आजोबांना सारे घर अप्पा म्हणे. अप्पांना मधुमेह होता, आणि मी शाळकरी असताना आमच्या मोरीच्या कट्ट्यावर रोज एक छोटीशी प्रयोगशाळा भरत असे. स्पिरिटचा दिवा, काचेची नळी आणि बेनेडिक्टचे निळे द्रावण. पाच मिलिलिटर द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी तापवायची. रंग निळाच राहिला तर अप्पा प्रसन्न. हिरवा झाला तर भात निम्मा. आणि विटकरी झाला की त्या दिवशी त्यांच्या वाटेला कोणी जात नसे. दिवाळी अंकात हा विषय शोभत नाही, असे एखादे वाचक म्हणतील. पण मधुमेहाची हकिगत सांगायची तर ही नळी टाळून कसे चालेल?

१९८९ साली एका संध्याकाळी नळी निळीशार राहिली. अप्पांनी समाधानाने नेहमीइतकेच इन्सुलिन टोचून घेतले. पहाटे आजीला जाग आली ती त्यांच्या असंबद्ध बोलण्याने. अंग घामाने थबथबलेले, हात थरथरताहेत. आजीने घोटघोट साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले. ‘‘नळी निळी होती हो!’’ असे ती दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती.

नळी खोटे बोलली नव्हती. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर चढली म्हणजे ती लघवीत उतरते, आणि नळीत दिसते तीही काही तासांपूर्वीची. त्याच्या खाली ती ९० आहे की ४०, हे निळ्या रंगाला ठाऊकच नसते. आम्ही शिळ्या बातमीवर ताजे इन्सुलिन देत होतो.

हे मला नीट उमगले ते रिचर्ड बर्नस्टीन या अमेरिकन गृहस्थांची हकिगत वाचताना. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या या माणसाला बाराव्या वर्षीच मधुमेह जडला. शिकला इंजिनिअरिंग. पस्तिशी येईतो खांदे आखडले, पावले बिघडली, लघवीतून प्रथिने जाऊ लागली. म्हणजे मूत्रपिंडांनीही नोटीस दिली. १९६९ साली एका व्यावसायिक मासिकात त्याला एका यंत्राची जाहिरात दिसली. वजन तीन पौंड, किंमत साडेसहाशे डॉलर. बोटातल्या रक्ताचा एक थेंब पट्टीवर घ्यायचा, मिनिटभराने पट्टी धुऊन यंत्रात सरकवायची, की साखरेचा आकडा हजर! रात्री बेशुद्ध आणलेला माणूस दारू प्यालेला आहे की मधुमेही, हे इस्पितळांना चटकन कळावे म्हणून ते बनवले होते.

मधुमेही माणसाला मात्र ते विकत मिळेना. यंत्र फक्त डॉक्टरांना आणि इस्पितळांना! सुदैवाने बर्नस्टीनांची पत्नी मानसोपचाराची डॉक्टर होती. तिच्या नावावर यंत्र आले आणि नवऱ्याने रोज पाच-पाच वेळा बोट टोचायला आरंभ केला. पद्धत सारी इंजिनिअरची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मोजायचे आणि टिपून ठेवायचे. इन्सुलिनचे मोठे डोस मोडून लहान लहान केले, पिष्टान्न अगदी थोडे ठेवले, कारण मोठ्या डोसात चूकही मोठी होते. काही वर्षांत साखर ताळ्यावर आली आणि लघवीतली प्रथिने नाहीशी झाली.

त्यांनी यावर लेख लिहिले. वैद्यकीय नियतकालिकांनी ते साभार परत केले. लेखक डॉक्टर नाही, आणि रोग्याने घरी बसून रक्त तपासायचे ही कल्पनाच तेव्हा चमत्कारिक वाटे. तेव्हा १९७९ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, हे गृहस्थ चालता व्यवसाय सोडून न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी म्हणून दाखल झाले. मीही यंदा पंचेचाळीस वर्षांचा आहे. वर्गातल्या जुन्या टिपणांच्या वह्या बदलायचा धीर मला अजून होत नाही!

सारे श्रेय त्यांना एकट्यालाच देणे मात्र रास्त नव्हे. १९७८ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनीही घरच्या तपासणीचे अनुभव प्रसिद्ध केले होते. १९९३ साली १,४४१ रोग्यांच्या मोठ्या अमेरिकन पाहणीचे निष्कर्ष आले: साखर काटेकोर सांभाळणाऱ्या गटात डोळ्यांचा विकार जडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी. बर्नस्टीनांचा आहार मात्र अनेक डॉक्टरांना आजही मान्य नाही. रात्रीच्या जेवणात बारा ग्रॅम पिष्ट म्हणजे आपली एक पोळीसुद्धा नाही. हे आमच्या घरात कोण ऐकणार? पण हा माणूस जवळजवळ ऐंशी वर्षे मधुमेहाशी संसार करून २०२५ च्या एप्रिलमध्ये, नव्वदाव्या वर्षी गेला. अप्पांना त्रेसष्ट वर्षेच मिळाली.

आता माझ्या आईकडे मुठीत मावणारे यंत्र आहे. आकडे ती भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत माझ्याकडून लिहून घेते. मागच्या पाडव्याला फराळानंतर दोन तासांनी बोट टोचले, तर २१४.

‘‘१४० लिही,’’ आई म्हणाली. ‘‘सणाचा दिवस आहे.’’

मी २१४ लिहिले. तिने माझ्याकडे रागाने पाहिले, हातातली पेन्सिल घेतली, आणि आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिले, ‘करंज्या तीन.’