स्विस केंद्रावर लक्झेंबर्गचा आवाज: रेडिओलहरी आयनांबर कसे हलवतात

१९३३ सालचा एप्रिल. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन शहरात बर्नार्ड टेलेगेन रेडिओ ऐकत होते. ते फिलिप्सच्या प्रयोगशाळेत काम करत आणि पेंटोड व्हॉल्व्हचे जनक म्हणून त्यांचे नाव झाले होते. केंद्र लावले होते स्वित्झर्लंडमधले बेरोम्युन्स्टर, तरंगलांबी ४६० मीटर. पण कार्यक्रमात जरा खंड पडला की मागून अंधूकसा लक्झेंबर्ग रेडिओ ऐकू येई. लक्झेंबर्गची तरंगलांबी होती ११९० मीटर. दोन केंद्रांच्या तरंगलांबींत एवढे अंतर असताना चांगल्या रेडिओवर आवाज मिसळायला नको. दुसऱ्या कुणी रेडिओत दोष आहे म्हणून सोडून दिले असते. टेलेगेन यांनी नकाशा पाहिला. बेरोम्युन्स्टर आणि आइंडहोव्हन यांना जोडणारी रेषा लक्झेंबर्गच्या जवळून जात होती. म्हणजे दोन लहरींची गाठ वाटेत, आकाशातच पडत असावी. जूनमध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात त्यांचे छोटेसे पत्र छापून आले. ‘लक्झेंबर्ग परिणाम’ हे नाव त्यातूनच पुढे रूढ झाले.

आकाशातला तो थर

जमिनीपासून साधारण ६० किलोमीटरवर आयनांबर सुरू होते. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे तिथल्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात. मोकळे इलेक्ट्रॉन, आयन आणि उरलेली विरळ हवा यांचे हे मिश्रण म्हणजेच प्लाझ्मा. सर्वांत खालचा भाग, ६० ते ९० किलोमीटरचा, ‘डी’ थर म्हणून ओळखला जातो. दिवसा तो मीडियम वेव्हच्या लहरी गिळून टाकतो. रात्री तो जवळजवळ विरून जातो. आपल्याकडे मीडियम वेव्हवर दिवसा न लागणारी दूरची आकाशवाणी केंद्रे रात्री खणखणीत लागत, त्याचे कारण हेच.

इलेक्ट्रॉन तापतात म्हणजे काय होते

रेडिओलहरीतले विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनला मागेपुढे हलवते. तो एकटा असता तर लहरीकडून घेतलेली ऊर्जा लहरीलाच परत मिळाली असती. पण भोवती हवेचे रेणू आहेत. त्यांच्यावर आदळला की त्याची शिस्तीतली हालचाल बिघडते आणि ती ऊर्जा सैरावैरा गतीत, म्हणजे उष्णतेत बदलते. लहर क्षीण होते ती अशी.

नायट्रोजनचा रेणू इलेक्ट्रॉनच्या सुमारे ५१ हजार पट जड असतो. भिंतीवर आपटलेला चेंडू जसा भिंतीला फारसे काही न देता परततो, तसा इलेक्ट्रॉन एका टकरीत आपल्या ऊर्जेचा अगदी थोडा अंश गमावतो. त्यामुळे प्रक्षेपक शक्तिशाली असेल तर इलेक्ट्रॉन भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापू शकतात आणि हवा मात्र तशीच थंड राहते. तापलेला इलेक्ट्रॉन वेगाने फिरतो, म्हणून टकरा वाढतात. टकरा वाढल्या की तिथून जाणाऱ्या दुसऱ्या लहरीचे शोषणही बदलते.

आता लक्झेंबर्गचा उलगडा होतो. तिथले संगीत चढे-उतरे तशी लहरीची ताकद कमी-जास्त होई आणि त्याच तालावर इलेक्ट्रॉन तापत-निवत. बेरोम्युन्स्टरची लहर त्याच भागातून जाताना कधी अधिक शोषली जाई, कधी कमी. लक्झेंबर्गच्या गाण्याचा ठसा तिच्यावर उमटे आणि तो ठसा घेऊनच ती आइंडहोव्हनला पोहोचे.

हे स्पष्टीकरण १९३४ साली ऑस्ट्रेलियात व्ही. ए. बेली आणि डी. एफ. मार्टिन यांनी मांडले. वायूंमधून इलेक्ट्रॉन कसे सरकतात याचा अभ्यास बेलींनी आधीच ऑक्सफर्डला केला होता. त्या प्रयोगशाळेतल्या ज्ञानाला आकाशात उपयोग सापडला, हे मला या कथेतले सर्वांत सुंदर वळण वाटते. सिद्धांत खरा आहे की नाही हे कानानेही तपासता येत होते. तापलेल्या इलेक्ट्रॉनला निवायला सेकंदाच्या हजारांशाच्या आसपास वेळ लागतो. तेव्हा खालच्या स्वरांची सावकाश कंपने त्याला पाळता येतात, वरच्या स्वरांची पाळता येत नाहीत. म्हणून उसन्या आवाजात खर्ज जास्त आणि तीव्र स्वर कमी यायला हवेत. मोजमापांत तसेच आढळले.

पाणबुड्यांसाठीचा प्रक्षेपक

लक्झेंबर्गच्या लहरीहून कितीतरी कमी वारंवारतेच्या लहरी नौदले पाणबुड्यांसाठी वापरतात, कारण समुद्राच्या पाण्यात काही मीटर खोल शिरणे त्यांनाच जमते. पश्चिम ऑस्ट्रेलियात एक्समथजवळ १९६७ साली सुरू झालेले ‘एनडब्ल्यूसी’ हे असेच केंद्र आहे. शक्ती सुमारे १० लाख वॅट, वारंवारता १९.८ किलोहर्ट्झ, म्हणजे एकेक लहर १५ किलोमीटर लांब. तिथला मधला मनोरा ३८७ मीटर उंच आहे.

या लहरींचा बहुतेक भाग जमीन आणि आयनांबर यांच्यामधल्या पोकळीतून दूरवर जातो, पण थोडा भाग वर झिरपतो. फ्रान्सने २००४ मध्ये सोडलेला ‘देमेतेर’ उपग्रह सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून एनडब्ल्यूसीच्या माथ्यावरून जाई, तेव्हा इलेक्ट्रॉनांचे तापमान आणि घनता दोन्ही विस्कटलेली दिसत. बाधित क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठे.

पुढचा परिणाम त्याहून वरचा. पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सर्ग पट्ट्यांत अडकलेले वेगवान इलेक्ट्रॉन या लहरींमुळे आपल्या मार्गावरून ढळतात. देमेतेरला ते ठरावीक ऊर्जेच्या रेघांसारखे दिसले. २००७ च्या मध्यापासून २००८ च्या सुरुवातीपर्यंत एनडब्ल्यूसी बंद होते. त्या काळात त्या रेघा नाहीशा झाल्या. याहून चोख पुरावा मागायचा तो कसला?

आपल्याकडे

तमिळनाडूत विजयनारायणम येथे आपल्या नौदलाचे असेच केंद्र १८.२ किलोहर्ट्झवर चालते. नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या प्रयागराजच्या प्रयोगशाळेत एनडब्ल्यूसीचे संकेत नोंदले जातात. २२ जुलै २००९ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्य झाकला गेला तेव्हा डी थरात काय बदल झाला, हे अशाच संकेतांवरून अभ्यासले गेले.

पावसाचा संबंध

अलास्कातल्या ‘हार्प’सारख्या केंद्रांनी पाऊस पाडला किंवा पळवला, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. हार्प उच्च वारंवारतेच्या लहरी वापरते, पण तापवायचे असतात ते आयनांबरातले इलेक्ट्रॉनच. आपल्या आकाशातले पावसाळी ढग १६ ते १८ किलोमीटरच्या खाली असतात. डी थर त्यांच्याहून ४० किलोमीटरहून अधिक वर आहे आणि तिथली हवा जमिनीवरच्या हवेच्या हजारांशाइतकीसुद्धा दाट नाही. त्या हवेतही तापतात ते फक्त मूठभर इलेक्ट्रॉन, आणि प्रक्षेपक बंद केला की काही हजारांश सेकंदांत ते पुन्हा भोवतालच्या हवेइतके थंड होतात.